ई-रीडर पुन्हा पुन्हा अडकतो? आत किती पुस्तकं आहेत ते आधी बघा

पान उलटायला बोट टेकवावं तर दोन-तीन सेकंद काहीच होत नाही आणि मग एकदम दोन पानं उलटतात. तीन आठवडे पुरणारी बॅटरी दीड-दोन दिवसांत उतरते. पुस्तकांची यादी खाली सरकवताना पडदा मध्येच गोठतो. कव्हर बंद करून टेबलावर ठेवलेला असतानाही रीडरची पाठ हाताला कोमट लागते. रीस्टार्ट केला की एखादा दिवस बरा चालतो, मग पुन्हा तेच.

असं एकदाच झालं असेल तर सोडून द्या. दर दोन-तीन महिन्यांनी होत असेल तर माझ्या अनुभवात यंत्र क्वचितच बिघडलेलं असतं. बिघाड असतो आत भरलेल्या पुस्तकांत आणि ती भरण्याच्या पद्धतीत.

सांगलीला माझे मामा असतात. वय 71, शाळेतून मराठी शिकवून निवृत्त झालेले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही छापील पुस्तकातलं बारीक अक्षर त्यांना जमेना, म्हणून आम्ही भाच्यांनी मिळून त्यांना रीडर घेऊन दिला. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, पडदा डोळ्यांवर येत नाही. सहा महिन्यांत ते पूर्वीसारखे रोज वाचायला लागले. त्यामुळे त्यांचा फोन येऊन "अगं, रीडर परत झोपला बघ" असं ते म्हणाले की माझ्या पोटात कालवतं. त्यांच्यासाठी वाचायचं दुसरं साधनच उरलेलं नाही.

पहिल्या वेळी मी फोनवरूनच सांगितलं: पॉवरचं बटण 40 सेकंद दाबून धरा, स्क्रीन जाऊन परत येईल. चाललं. दुसऱ्या वेळी सुट्टी काढून गेले आणि सगळं पुसून फॅक्टरी रीसेट केला. मग मामांच्या लॅपटॉपवरचा पुस्तकांचा फोल्डर होता तसा उचलून परत आत टाकला. चूक तिथेच झाली. दुखणं होतं त्याच फोल्डरमध्ये, आणि मी ते माझ्या हातांनी पुन्हा भरून आले. सात आठवड्यांनी फोन. तिसऱ्या वेळी मात्र मी रीसेटला हातही लावला नाही. रीडर केबलने लॅपटॉपला जोडला आणि आधी मोजलं. 1,937 फाइली निघाल्या.

आत नेमकं काय चाललेलं असतं

नवं पुस्तक टाकलं की रीडर ते नुसतं फळीवर ठेवून देत नाही. तो ते उघडतो, लेखकाचं नाव वाचतो, मुखपृष्ठाचं छोटं चित्र तयार करतो. पुढे तुम्हाला एखादा शब्द शोधता यावा म्हणून कोणता शब्द कुठे आलाय याची सूचीही करून ठेवतो. याला इंडेक्सिंग म्हणतात. किंडल या ॲमेझॉनच्या रीडरवर हे पुस्तकागणिक चालतं. कोबो या दुसऱ्या कंपनीच्या रीडरवर केबल काढली की नवी पुस्तकं नोंदवली जातात आणि सगळ्यांची माहिती एकाच डेटाबेस फाइलीत साठत जाते. दहा-वीस पुस्तकं असतील तर हे काम कधी उरकलं ते कळतही नाही. दोन हजार पुस्तकं एकदम ओतली की रीडर दिवसचे दिवस त्यातच बुडालेला राहतो, कारण त्याचा प्रोसेसर फोनच्या मानाने अगदी साधा असतो.

बॅटरीचा संबंध इथे येतो. ई-इंकच्या पडद्याला वीज लागते ती पान बदलताना. पान स्थिर असताना जवळजवळ लागतच नाही, म्हणून तर एक चार्जिंग आठवडेच्या आठवडे पुरतं. तीच बॅटरी दोन दिवसांत संपत असेल तर बहुधा आत काहीतरी सतत चालू आहे. पहिले संशयित दोन: वाय-फाय किंवा इंडेक्सिंग. एक दिवस एअरप्लेन मोड लावून ठेवा. तरीही बॅटरी तेवढीच उतरली तर दुसरा संशयित धरा.

सगळ्यात वाईट असते अर्धवट फाइल. सूची करता करता रीडर तिच्यापाशी येतो, ती नीट उघडत नाही, तो अडतो, काही वेळाने परत प्रयत्न करतो, परत अडतो. रांगेत तिच्या मागची पुस्तकं तशीच खोळंबतात. रीस्टार्टने हे सुटत नाही, कारण उठल्यावर तो पुन्हा त्याच फाइलीकडे जातो.

अनेक जुन्या किंडलवर याची एक सोपी परीक्षा आहे. शोधायच्या चौकटीत कुठल्याच पुस्तकात नसेल असा निरर्थक शब्द टाका. निकालात अजून सूची न झालेली पुस्तकं किती, ते वेगळं दाखवलेलं असतं. आकडा लिहून ठेवा, रीडर रात्रभर चार्जिंगला लावा, सकाळी परत बघा. आकडा उतरला असेल तर काम चालू आहे, थोडा धीर धरा. जिथल्या तिथे असेल तर एखादी फाइल घशात अडकली आहे.

फोल्डर उघडा आणि आकाराने लावा

काही हलवण्याआधी एक काम: रीडरमधला सगळा मजकूर जसाच्या तसा लॅपटॉपवर एका वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवा. तुमच्या खुणा आणि टिपणं त्यात असतात. किंडलवर खुणा केलेली वाक्यं 'माय क्लिपिंग्ज' नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलीत जमा होतात, तर पुस्तकाशेजारी त्याच्याच नावाचा, शेवटी एसडीआर लागलेला फोल्डर असतो. त्यात तुम्ही कुठल्या पानावर होतात वगैरे नोंदी असतात. कोबोवर टिपणं त्या डेटाबेस फाइलीतच जातात, आणि ती लपवलेल्या फोल्डरमध्ये असते. म्हणून लॅपटॉपवर लपलेल्या फाइली दिसतील असं सेटिंग करून मगच कॉपी करा. मामांनी दीड वर्षात केलेल्या खुणा मी रीसेटच्या वेळी घालवल्या असत्या. त्यांनीच आठवण केली म्हणून वाचल्या.

आता पुस्तकांचा फोल्डर उघडून फाइली आकाराच्या क्रमाने लावा. नावाच्या क्रमाने लावलेल्या यादीत काहीच कळत नाही. आकाराने लावली की दोन्ही टोकांना रोग दिसतो.

तळाशी 0 केबीच्या 11 फाइली होत्या. नाव पुस्तकाचं, आत काहीच नाही. त्यांच्या वर 1-2 केबीच्या आणखी काही. म्हणजे कॉपी होता होता तुटलेल्या. मी विचारलं, "मामा, पुस्तकं टाकून झाली की केबल कशी काढता?"

"कशी म्हणजे? धरून ओढतो."

फोनचा चार्जर काढावा तशी. यात मामांची चूक नाही, त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं, मीसुद्धा. लॅपटॉपच्या पडद्यावर कॉपी पूर्ण झाल्याचं दिसलं तरी शेवटचा तुकडा प्रत्यक्ष रीडरवर लिहायचा बाकी असू शकतो. तेवढ्यात केबल निघाली की शेवटची एक-दोन पुस्तकं अर्धी राहतात. म्हणजे दर महिन्याला नवी पुस्तकं टाकताना मामांच्या रीडरमध्ये एक-दोन तुटक्या फाइलींची भर पडत होती. दुखणं उलटत होतं ते यामुळे. आधी लॅपटॉपवर 'इजेक्ट' निवडून रीडर सुरक्षित सोडवायचा, रीडरचा नेहमीचा पडदा परत येऊ द्यायचा आणि मग केबल काढायची.

ॲपलच्या मॅकवरून पुस्तकं टाकत असाल तर याच टोकाला आणखी एक प्रकार दिसू शकतो: टिंब आणि अधोरेषेने नाव सुरू होणाऱ्या, चार-पाच केबीच्या लपलेल्या फाइली. मॅक त्या आपल्या सोयीसाठी ठेवतो. रीडरला मात्र ती न उघडणारी पुस्तकं वाटतात. खुशाल काढून टाका.

वरच्या टोकाला वेगळाच संसार. 180 एमबी, 140 एमबी, 95 एमबी, सगळी पीडीएफ. रंगीत जाहिरातींसकट स्कॅन केलेले दिवाळी अंक, जुन्या ग्रंथांची एकेक पान फोटो काढून केलेली बाडं. साधी मजकुराची कादंबरी ईपब या ई-पुस्तकांच्या फाइल-प्रकारात बहुधा एका एमबीच्या आतबाहेर असते. म्हणजे एका दिवाळी अंकाने दीडशे कादंबऱ्यांची जागा खाल्लेली. शिवाय त्यातलं प्रत्येक पान हे चित्र असल्याने उलटताना रीडरची दमछाक वेगळीच.

मधल्या भागात एकाच पुस्तकाच्या तीन-तीन प्रती: पीडीएफ, ईपब आणि मोबी या जुन्या फाइल-प्रकारात. नुसत्या या प्रती काढल्या तरी 1,937 चे बाराशेच्या आसपास झाले.

मराठी पीडीएफचं दुखणं

इंग्रजी पुस्तकं वाचणाऱ्यांना ही अडचण एवढी भेडसावत नाही, म्हणून तिच्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते.

आपल्याकडे कितीतरी वर्षं पुस्तकं आणि अंक श्रीलिपीसारख्या डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवायच्या, फॉन्टमध्ये जुळवले गेले. त्या जुन्या फॉन्टमध्ये डोळ्यांना देवनागरी दिसते, पण संगणकाच्या लेखी तिथे रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात, फक्त त्यांना मराठी अक्षरांचं रूप दिलेलं असतं. अशी पीडीएफ वाचता येते, पण तिच्यातला मराठी शब्द शोधला तर सापडत नाही. ईपबमध्ये बदलून घ्यायला गेलात तर हाती निव्वळ चिन्हांची खिचडी येते. म्हणजे इंडेक्सिंगला लागलेला सगळा वेळही फुकट, कारण जी सूची तयार होते ती निरर्थक अक्षरांची.

ओळखायचं कसं? लॅपटॉपवर पीडीएफ उघडा, एक ओळ निवडून कॉपी करा आणि कोऱ्या फाइलीत चिकटवा. मराठी उमटलं तर मजकूर युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या प्रमाण पद्धतीत आहे, ते पुस्तक ईपब करून घेण्याजोगं आहे. मराठी उमटलं पण काने-मात्रा, जोडाक्षरं विस्कटलेली असली, तर रूपांतरानंतर बरीच दुरुस्ती करावी लागेल. नुसती चिन्हं उमटली तर जुना फॉन्ट. काहीच निवडता येत नसेल तर ते स्कॅन आहे. शेवटच्या दोन प्रकारांची पुस्तकं सहा इंची रीडरवर ठेवूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. अक्षर मोठं करता येत नाही, पान सरकवत वाचावं लागतं, मग डोळ्यांसाठी रीडर घेतला त्याचा उपयोग काय? ती टॅबवर किंवा लॅपटॉपवर वाचावीत.

रीडरवर छान चालणारं मराठी हवं असेल तर मराठी विकिस्रोत या मुक्त ग्रंथसंग्रहाच्या संकेतस्थळावर हक्कमुक्त झालेली जुनी पुस्तकं आहेत आणि ती थेट ईपब म्हणून उतरवून घेता येतात. भारतात लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी पुस्तक हक्कमुक्त होतं, त्यामुळे तिथलं वाचताना मनाला टोचणी नाही. किंडलच्या दुकानात 2016च्या अखेरीपासून मराठी पुस्तकं विकत मिळतात आणि ती त्यावर व्यवस्थित दिसतात. पेन ड्राइव्हवरून हातोहात फिरणारे हजार-दोन हजार पुस्तकांचे गठ्ठे मात्र घेऊ नका. मामांच्या फोल्डरमधला बराचसा माल तसाच आला होता. त्यात हयात लेखकांची पुस्तकं होती. आयुष्यभर मुलांना मराठी शिकवलेल्या माणसाला हे सांगताना मला अवघड झालं, पण सांगितलं. त्यांनी ती स्वतः बसून काढली.

मग ठेवायची किती?

2007 मध्ये पहिलं किंडल आलं तेव्हा त्यात 250 एमबी जागा होती आणि दोनशेच्या आसपास पुस्तकं मावत. आता साधं मॉडेलसुद्धा 16 जीबीचं असतं, म्हणजे हजारो मावतात. पण मावतात किती आणि हाताशी किती हवीत, हे दोन वेगळे हिशोब आहेत.

दुसरा हिशोब मी मामांबरोबर कागदावर केला. रोज तासभर वाचन, तासाला साधारण तीस पानं, अडीचशे पानांचं पुस्तक आठ-नऊ तासांत. वर्षाला चाळीस-एक पुस्तकं झाली. उरलेल्या बाराशे पुस्तकांना तीस वर्षं लागणार. मामा कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे निवडावी लागतील." मग त्यांनी चष्मा पुसला आणि पहिलं नाव लिहिलं.

माझा आकडा चाळीस आहे. यंत्राची ती मर्यादा नाही. शंभर-दीडशे चांगल्या ईपब असल्या तरी रीडर कुरकुरत नाही. चाळीस यासाठी की सहा इंची पडद्यावर यादीत एका वेळी सहा-सात नावं बसतात, म्हणजे सहा-सात वेळा पडदा सरकवला की सगळी पुस्तकं नजरेखालून जातात. 1,937 पुस्तकांना असे पावणेतीनशे पडदे लागायचे. त्यात देवनागरी नावं सहसा रोमन नावांच्या पाठीमागे येतात, त्यामुळे मामांना हवी असलेली पुस्तकं नेमकी पार शेवटी. "पुस्तक गेलं कुठे" ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. पुस्तक कुठेही गेलेलं नसतं.

चाळिसातली दोन-तीन सध्या वाचायची, डझनभर त्यापुढची, पाच-सहा कायमची. मामांच्या कायमच्यांत संतवाङ्मय आहे आणि एक शब्दकोश. माझ्यात कविता. बाकीची जागा मनाला येईल तशी. लेकाकडे अमेरिकेला सहा महिने जाणार असाल तर साठ करा, पण निघायच्या आदल्या रात्री नको, आठवडाभर आधी टाका. सूची घरीच चार्जिंगवर होऊन जाऊ दे, विमानात उतरलेली बॅटरी घेऊन बसायची वेळ नको. रीडरची जागा कधीही काठोकाठ भरू नका. पाचव्या हिश्शाएवढी मोकळी राहिली तर लिहिण्या-पुसण्याचं काम सुरळीत चालतं.

बाकीची पुस्तकं कुठे ठेवायची

लॅपटॉपवर, कॅलिबर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये. कोविद गोयल यांनी 2006 मध्ये ते लिहायला घेतलं, अजूनही ते नियमित सुधारलं जातं, आणि घरच्या ग्रंथसंग्रहासाठी मला तरी त्याला तोड दिसलेली नाही. सगळी पुस्तकं त्यात घाला आणि लेखकांची नावं एकसारखी करा. एकच लेखक कधी आडनाव आधी, कधी आद्याक्षरं आधी, कधी रोमन लिपीत अशा तीन माणसांत वाटलेला असतो. शोधूनही नाव सापडत नसेल तर 'ऱ्य'कडे बघा. 'दुसऱ्या'मधला हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टंकलेला असू शकतो. दिसायला सारखाच, पण सॉफ्टवेअरला दोन वेगळे शब्द वाटू शकतात. एक तऱ्हा ठरवा, मग तीच वापरा.

कुरबुर करणारं ईपब कॅलिबरमध्ये ईपबमधूनच ईपबमध्ये पुन्हा रूपांतरित करून घेतलं की बरेचदा आतली मोडतोड निस्तरते. या पूर्ण संग्रहाची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा.

दुकानातून विकत घेतलेल्या पुस्तकांचं वेगळं आहे. ॲमेझॉनने फेब्रुवारी 2025 मध्ये किंडलची पुस्तकं वेबसाइटवरून संगणकावर उतरवून केबलने टाकायची सोय बंद केली, त्यामुळे त्यांचं घर म्हणजे कंपनीचं क्लाउड. ती रीडरवरून काढताना नीट वाचा: डाउनलोड काढून टाकणं वेगळं, कायमचं डिलीट करणं वेगळं. पहिलं केलं तर पुस्तक पुन्हा कधीही घेता येतं. दुसरं केलं तर खरेदीच खात्यातून जाते. ज्येष्ठांच्या रीडरवर हे काम तुम्ही शेजारी बसून करा.

आता भरायची रीत. रीडर आधी पूर्ण रिकामा करायचा आणि पुस्तकं वीस-वीसच्या हप्त्याने टाकायची. प्रत्येक हप्त्यानंतर इजेक्ट, मग रात्रभर चार्जिंग, सकाळी पाठीला हात लावून बघायचं. गार असेल तर पुढचा हप्ता. कोमट असेल तर दोषी फाइल त्याच विसात आहे: दहा काढा, परत बघा, मग पाच. असं अर्धं-अर्धं करत चार-पाच रात्रींत ती हातात येते. एकदम सगळं टाकलं असतं तर ती बाराशेंत कधीच सापडली नसती. मामांकडे दुसऱ्या हप्त्यात एक निघाली: अर्ध्यावर तुटलेलं प्रवासवर्णन, आकार अगदी नेहमीसारखा, म्हणून माझ्या नजरेतून सुटलेलं.

एवढं करूनही, चाळीसच पुस्तकं असताना, एअरप्लेन मोडमध्ये आणि पाठ गार असतानाही बॅटरी दोन दिवसांत उतरत असेल, तर बॅटरीच म्हातारी झाली आहे. सहा-सात वर्षांच्या रीडरला ते होणारच. तिथे पुस्तकं कमी करून काही साधणार नाही. बॅटरी बदलून मिळते का ते दुकानात विचारा.

मामांचा रीडर नऊ महिने झाले, व्यवस्थित चालू आहे. कव्हरच्या आतल्या खिशात त्यांनी एक पोस्टकार्ड ठेवलंय. एका बाजूला आतल्या चाळीस पुस्तकांची नावं, वाचून झालं की पुढे तारीख. दुसऱ्या बाजूला पुढच्या वेळी मी आले की टाकायची नावं. गेल्या रविवारी त्यावर सतरा होती.